पार्किंगमधली मंगळागौर

फुगडी घालताना तोंडाने फू करावं लागतं. ते केलं नाही तर ठेका राहत नाही, आणि ठेका गेला की ती फुगडी नव्हे, नुसतं गोल फिरणं. हे मला ज्या बाईने शिकवलं, तिच्या तोंडावर मी कितीतरी श्रावण फू केलं आणि तिने माझ्या. समोरासमोर, हातभर अंतरावरून, घामाघूम होऊन, श्वासात श्वास मिसळून. त्यात घाबरण्यासारखं काही असेल असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी मूळची अकोल्याची. आमच्याकडे भुलाबाईची गाणी, आणि फुगडी म्हणजे पोरीसोरींनी अंगणात घालायची. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा इथला थाट बघून मी चाट पडले. इथे नव्या नवरीची मंगळागौर असली की सकाळी पूजा होते आणि खेळायला बायकांचा गटच बोलावतात. दहा-बारा जणी, सारखी नऊवारी, नाकात नथ, वय चाळिशीच्या पुढचं, आणि नऊवारीच्या आत गुडघ्याला पट्टा. दोन तास झिम्मा, पिंगा, नाना तऱ्हेच्या फुगड्या. श्रावणातले मंगळवार मोजके, त्यामुळे गटांना मागणी अशी की लग्न ठरायच्या आधी गट ठरवून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत.

चाळिशी आल्यावर शेजारणीच्या आग्रहाने मीही अशाच एका गटाच्या सरावाला गेले. एका देवळाच्या सभागृहात सराव होता. तिथे माझ्याच वयाची एक उंच, सडसडीत बाई पदर खोचून उभी होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आपल्याला फुगडी येते, की नुसतं गोल फिरता येतं?"

"तुम्ही हात तर द्या," मी म्हटलं.

"देते. पण सोडायचे नाहीत, हे सांगावं लागेल का?"

"आम्ही वऱ्हाडातल्या आहोत बाप्पा. धरलं की सोडत नसतो."

ती हसली नाही. हात दिले. फुगडीत चवडे चवड्यांना लावायचे, हातांची कैची करायची आणि मागे रेलायचं. आपलं सगळं वजन समोरचीच्या हातात असतं आणि तिचं आपल्या. एकीने सोडलं तर दोघी उताण्या. म्हणून जोडी ठरली की ती कुणी बदलत नाही. आमची त्या दिवशी ठरली. अहो-जाहोवरून अगं-तुगंवर यायला तिने पुढे दोन वर्षं घेतली, पण फुगडी पहिल्या दिवसापासून अगं-तुगंचीच होती. ती माझी जोडीदारीण. इथेही मी तिला तेच म्हणणार आहे.

ती राहायची मंडईच्या मागे. मी खडकीला, नवऱ्याच्या नोकरीच्या क्वार्टरमध्ये, आणि ते निवृत्त झाल्यावर कात्रजला घेतलेल्या फ्लॅटमध्ये. सरावाला तिची लेकही यायची. आठ-दहा वर्षांची होती तेव्हापासून भिंतीला टेकून आम्हाला बघत बसायची, आणि मधेच जाहीर करायची, "माझ्या मंगळागौरीला पहिली फुगडी आई आणि काकूंची." तिची आई म्हणायची, "आधी गणितात पास हो."

मधल्या काळात माझ्या नवऱ्याच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिसच्या फेऱ्यांनी त्यांचा रंग मातकट झाला होता. माझी किडनी जुळली आणि मी दिली. यात त्याग वगैरे काही नव्हतं. घरात एका माणसाकडे दोन होत्या आणि दुसऱ्याकडे एकही धड नव्हती. दवाखान्यात जोडीदारीण भेटायला आली, माझ्या उशाशी बसली आणि म्हणाली, "एकच दिलीस ना? फुगडीपुरती शिल्लक ठेवलीस ना?" टाके दुखत असताना मी हसले आणि नर्सने तिला बाहेर काढलं.

डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिल्यावरची पहिली फुगडी मला आठवते. तिने माझे हात असे धरले होते जसं काही मी काचेची आहे. मला संताप आला. "धरायचे तर नीट धर नाहीतर जा घरी," असं मी भर सभागृहात ओरडले. मग तिने धरले. दोन दिवस मनगटं लाल होती आणि मी खूश होते.

मग तो आजार आला. त्या वर्षीचा श्रावण तर कुणालाच मिळाला नाही. सगळ्यांचंच बंद असतं तेव्हा आपलं बंद असण्याचं एवढं काही वाटत नाही. खरी गोष्ट लस आल्यावर सुरू झाली.

लस घेऊन आम्ही दोघं घरी आलो त्या दिवशी मी शिरा केला होता. हे दंड चोळत सगळ्या नातेवाइकांना फोन करत होते. दुसरा डोस झाला तेव्हा तर मी नऊवारी कपाटातून काढून उन्हात टाकली. आता फक्त श्रावण यायचा बाकी होता. त्यानंतरच्या तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना सहज विचारलं, "आता सगळं सुरू करायला हरकत नाही ना?"

डॉक्टर शांत गृहस्थ. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, शरीराने तुमची किडनी परकी समजून टाकून देऊ नये म्हणून यांना आपण औषधं देतो. ती औषधं शरीराचा पहारा जरा झोपवून ठेवतात. लस त्या पहाऱ्याला शिकवायला येते, पण झोपलेल्याला काय शिकवणार? काही जणांत थोडा फायदा होतो, काही जणांत जवळपास नाही. यांच्यात फारसा दिसत नाही. लस घेतलीत ते उत्तमच, पुढचा डोसही घ्यायचा. वागायचं मात्र न घेतल्यासारखं.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्हाला झाला तर बहुतेक सर्दी-तापावर निभावेल. पण तुमच्याकडून यांना होऊ शकतो. यांच्या बाबतीत मी काही सांगू शकत नाही."

माझी किडनी टिकावी म्हणून जी औषधं, त्याच औषधांमुळे यांना लस लागू पडत नव्हती. हे कुणावर चिडण्यासारखंही नव्हतं. चिडायला कुणीतरी समोर लागतं. लशीवर मी आजवर कधी रागावले नाही. तिला जेवढं जमतं तेवढं तिने केलं. रागावले ती माणसांवर. सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरले की कुणीतरी विचारणार, "अजून मास्क? लस नाही घेतली का तुम्ही?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे. नंतर म्हणायला लागले, "नथ मोडलीय, ती झाकतेय." मग विचारणं थांबलं.

लशीनंतरच्या त्या पहिल्या श्रावणात आमच्या गटाला आमंत्रणं सुरू झाली. गटातल्या एकीने पैठणीच्या काठाचे मास्क शिवले, त्यावर मोत्यांची नथ भरली. अकरा जणींचा तो मास्क लावलेला फोटो सगळ्या पुण्यात फिरला. मास्क होते ते त्या फोटोपुरतेच. गटाच्या प्रमुखबाई कडक शिस्तीच्या. त्यांनी नियम केला की दोन डोस झाल्याशिवाय कुणालाही आत घ्यायचं नाही, मग ती नवरीची सख्खी मावशी का असेना. एक बाई दाराशी बसवली. ती प्रत्येकीच्या मोबाइलमधलं प्रमाणपत्र चष्मा वर करून तपासायची. ते दाखवलं की बायका मास्क काढून पर्समध्ये टाकायच्या, थिएटरात शिरल्यावर तिकीट टाकतात तसा. आत छोटा हॉल, आवाजाची तक्रार येऊ नये म्हणून खिडक्या बंद, आणि दोन तास गाणी, झिम्मा आणि तोंडावर तोंड आणून फू. लस न घेतलेली एकही बाई आत नव्हती. त्यामुळे कुणाला कसली भीतीही नव्हती.

आठवड्याच्या आत निम्मा गट तापाने झोपला. प्रमुखबाईंना स्वतःच्या केसातल्या बकुळीचा वास येईना. दवाखान्यात मात्र एकीलाही जावं लागलं नाही, आणि ते लशीचंच देणं, हे मला मान्य आहे. पण एकीच्या म्हाताऱ्या सासऱ्यांना तिच्याकडून झाला आणि ते बरेच दिवस ऑक्सिजनवर होते. घरी आले, पण चालत नाही आले. दाराशी बसून प्रमाणपत्रं तपासणारी ती हीच सून. तिला कुणी काही बोललं नाही. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, असं ती मला फोनवर म्हणाली.

मी त्या खेळाला गेले नव्हते. आणि जोडीदारीणही गेली नव्हती. मला तिने गुडघ्याचं कारण सांगितलं होतं. गट आजारी पडल्यावर खरं कळलं. प्रमुखबाईंनी तिला दुसरी जोडी देऊ केली तेव्हा ती म्हणाली होती, "मी काय उसन्या हातांची फुगडी घालू?" आणि घरी बसली. सावधगिरीपायी नव्हे, निव्वळ रुसून. मला फोन करून म्हणाली, "तुझ्यामुळे वाचले मी. हे परत म्हणणार नाही, नीट ऐकून घे."

त्यानंतरचं वर्ष माझ्यासाठी सगळ्यात अवघड गेलं. मंडईत पाय ठेवायला जागा नव्हती, लग्नं दणक्यात लागत होती, आजार झाला होता की नव्हता अशी शंका यावी इतकी गर्दी होती. फक्त आमच्या घरात तो अजून चालू होता. यांना मी गर्दीत जाऊ देत नव्हते आणि मीही जात नव्हते. जोडीदारणीच्या लेकीच्या लग्नात मी कार्यालयाच्या दारातून अक्षता टाकल्या. त्यातल्या अर्ध्या वाढप्यांच्या अंगावर पडल्या. न जेवता परत आले.

फुगडीची आठवण मला डोक्यात नाही, अंगात यायची. ओट्यापाशी दुधावर लक्ष ठेवून उभी असले की चवडे आपोआप जुळायचे. एकदा बाल्कनीचे गज दोन्ही हातांनी घट्ट धरून मी मागे रेलून पाहिलं. खांद्यांना ताण बसला, पाठ मोकळी झाली, क्षणभर बरं वाटलं. पण लोखंड आपल्याला उलट ओढत नाही. मागून यांनी विचारलं, "काय करतेस?" मी म्हटलं, "गज तपासतेय." पेपर वाचता वाचता ओरडणारा माणूस त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गप्प होता.

श्रावण जवळ आला तसं आमंत्रण आलं. लेकीची पहिली मंगळागौर, एसी हॉल, आमचाच गट. जोडीदारीण फोनवर एवढंच म्हणाली, "पहिली फुगडी कुणाची, ते तुला माहीत आहे."

माहीत होतं. फोन ठेवला तर हे समोर उभे. "जा तू. मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझं मी बघेन."

माझं डोकंच फिरलं. चिडले की माझी बोली अकोल्याला जाते. "काऊन हो, समजून नाही राहिलं काय तुम्हाला? तुमच्या पोटात माझी किडनी आहे. मला विचारल्याशिवाय तुमचं तुम्ही बघायचा प्रश्नच येत नाही!"

"मग माझ्यासाठी तू किती दिवस घरात कुढत बसणार?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

मी जोडीदारणीला नाही म्हणून कळवलं. बंद हॉल, शंभर बायका, मला जमणार नाही. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मला वाटलं संपलं. इतक्या वर्षांचे हात सुटले. दोन दिवस मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन. "हॉल रद्द केलाय. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये करतोय."

मंडईमागची त्यांची जुनी इमारत पाडून नवीन झाली होती. खाली नुसते खांब, वर मजले. तिन्ही बाजू उघड्या आणि डोक्यावर छत, म्हणजे पावसाचंही भय नाही. पण पुण्यातल्या बाईने लेकीची पहिली मंगळागौर पार्किंगमध्ये करायची म्हणजे काय, हे पुण्यातल्यालाच कळेल. विहीणबाई म्हणाल्या होत्या, "स्कुटरींच्या मधे?" त्यावर ही म्हणाली, "देवी वर घरात आहे. ती स्कुटरीवर बसणार नाही." नातेवाइकांत कुजबुज झाली की पैसे वाचवायला चाललंय. तिने होऊ दिली. माझं नाव तिने कुठेच घेतलं नव्हतं. ते मला तिच्या लेकीकडून कळलं.

आमचं दोघींचं ठरलं. दोघींनी चांगले घट्ट मास्क लावायचे, कापडी नव्हेत. फुगडी एकच, लहानशी. आणि तोंडाने फू करायचं नाही.

"मग ठेका?" मी विचारलं.

"मनात करू. इतकी वर्षं केलंय, तेवढं येईल."

त्या मंगळवारी दुपारी मी नऊवारी नेसले. तीन वर्षांत हात विसरले होते, काष्टा तीनदा सोडून घातला. हे दाराशी येऊन म्हणाले, "पडू नकोस." परतल्यावर आठवडाभर मी बाहेरच्या खोलीत झोपणार, घरातही मास्क लावणार, हे आधीच ठरवून ठेवलं होतं. रिक्षात बसले तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता आणि मी नव्या नवरीपेक्षा जास्त अधीर झाले होते. साठीला आलेल्या बाईने हे लिहावं का, माहीत नाही. पण तसं होतं.

पार्किंग ओळखू येत नव्हतं. स्कुटरी बाहेर काढलेल्या, फरशी पुसून रांगोळी घातलेली, खांबांना झेंडूच्या माळा. एका बिऱ्हाडाची आच्छादन घातलेली मोटार तेवढी राहिली होती, तर तिलाही कुणीतरी आंब्याचा डहाळा लावला होता. बायका जमल्या होत्या. जोडीदारीण मात्र त्यांच्यात नव्हती. ती फाटकाजवळ एकटीच उभी होती. हिरवी नऊवारी, केसात केवडा आणि तोंडावर मास्क.

मी दोन्ही हात पुढे करून तिच्याकडे निघाले. तिने आपले हात पाठीमागे नेले.

"तिथेच थांब," ती म्हणाली. "सकाळपासून घसा खवखवतोय."

"पूजेचं सरबत बाधलं असेल."

"नाही. अंगही दुखतंय. काय असेल ते मला कळतंय."

तिने खाली जमलेल्या सगळ्यांना सांगितलं होतं, लेक तेवढी वर नटत होती. प्रमुखबाई म्हणाल्या, आल्याचा रस घ्या. विहीणबाई म्हणाल्या, "तीन-तीन डोस झालेत तुमचे, होतंय काय! आणि आईशिवाय कसली मंगळागौर?" कुणीतरी तर तिचा हात धरून आत ओढत होतं. ती हात सोडवून फाटकापाशी येऊन उभी राहिली होती.

"तुला फोन करणार होते," ती म्हणाली. "पण तू निघाली असशील असं वाटलं." मग थोडं थांबून म्हणाली, "खोटं कशाला बोलू. तुला बघायचं होतं."

मी घरी जाऊ शकले असते. जायला हवं होतं का, तेही सांगता येत नाही. मी एक खुर्ची ओढून वाऱ्याच्या बाजूच्या खांबापाशी ठेवली. ती फाटकापाशी दुसऱ्या खुर्चीवर बसली. आमच्यामध्ये एक मोटार आरामात लागली असती. तिथून आम्ही तिच्या लेकीची मंगळागौर पाहिली. झिम्मा सुरू झाला तेव्हा मी तिच्या पायांकडे बघत होते. चेहरा मास्कमध्ये होता, पण पाय खुर्चीखाली ठेका धरत होते. माझंही तेच चाललं होतं.

मग लेक मधोमध येऊन उभी राहिली. तिने टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं. "आता पहिली फुगडी! आई, काकू, या!"

सगळ्या बायका आमच्याकडे वळल्या. आता काय सांगायचं? घसा म्हटलं तर परत आल्याचा रस. आजार म्हटलं तर विहीणबाईंच्या कपाळाला आठ्या. आणि मला वाटलं, बोट माझ्याकडेच येणार, या वऱ्हाडातल्या बाईचीच नाटकं म्हणून.

जोडीदारीण उठली. मास्कमधून तिचा आवाज खणखणीत आला. "आमची झाली."

"कधी?" लेकीने विचारलं.

"तुम्ही वर नटत बसला होतात तेव्हा. तुमच्यासाठी थांबायचं की काय? आता तुमची घाला."

बायका हसल्या. प्रमुखबाई ओरडल्या, "आता यांना चोरून घालायची वेळ आली बघा!" टाळ्या पडल्या. फक्त लेक हसली नाही. तिने आईचा मास्क पाहिला, माझी खुर्ची पाहिली, मधली मोकळी फरशी पाहिली. मग काही न विचारता वळली, सासूबाईंचे हात धरले आणि फिरायला लागली. माझे डोळे भरून आले आणि मास्क ओला झाला. आजूबाजूच्या कुणालाही ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "पॉझिटिव्ह."

"कशी आहेस?"

"ताप आहे. मरत नाही, लस घेतलीय." मग म्हणाली, "तुझ्याकडचे कसे आहेत?"

मी आतल्या खोलीकडे पाहिलं. "पेपरवर ओरडतायत."

"मग झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. आयुष्यात मला माणसांनी पुष्कळ काही दिलं. पण हातापर्यंत आलेली गोष्ट माझ्यासाठी कुणी अशी पाठीमागे नेली नव्हती. त्या दिवशी मी जितकी रडले तितकी माझ्या ऑपरेशनला रडले नव्हते.

तिचा ताप उतरला. दवाखाना लागला नाही. लशीने तिच्यापुरतं आपलं काम चोख केलं. पण तिचा दम पहिल्यासारखा झालाच नाही. अर्धा जिना चढला की थांबते. बोलता बोलता मधेच वाक्य सोडून देते, श्वास घेते, मग उचलते. डॉक्टर म्हणतात काहींचं असं राहतं, हळूहळू सुधारेल. ती म्हणते, हळूहळू म्हणजे किती ते डॉक्टरांनाही माहीत नाही, नुसते समजूत काढतात.

आमच्या यांचं ठीक चाललंय. गर्दीत आम्ही दोघं अजून मास्क लावतो. आता कुणी विचारत नाही, बघतही नाही. गटात आमच्या जागी तिशीतली एक जोडी आली आहे. दोघी नोकरी करतात, सरावाला उशिरा येतात, पण फिरतात छान. त्यांचा व्हिडिओ मला कुणीतरी पाठवला. मी तो आवाज बंद करून पाहिला. फू ऐकवलं नसतं.

या श्रावणात जोडीदारीण मला भेटायला कात्रजला आली. घरात नको म्हणून आम्ही सोसायटीच्या बागेत बसलो. पाऊस नुकताच उघडला होता आणि बाकं ओली होती, म्हणून उभ्याउभ्याच गप्पा चालल्या होत्या. मी तिला विचारलं, "आपली कधी गं?"

"घालू की," ती म्हणाली. थांबली, श्वास घेतला. "घाई काय आहे? तुझी एक किडनी, माझं अर्धं फुप्फुस. दोघी मिळून एक धड बाई होते. पण एका बाईची फुगडी होत नाही, ही अडचण आहे."

मी हसले. तीही हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. तो जुनाच खोकला, त्यात आता काही नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी माझे पाय आपोआप दोन पावलं मागे गेले. तिने ते पाहिलं. रागावली नाही. खोकता खोकताच हाताने खूण केली, बरोबर आहे, तिथेच थांब. खोकला थांबेपर्यंत मी तिथेच थांबले. माझे दोन्ही हात रिकामे होते, आणि मला तिचे हात हवे होते.